उल्हासरावांच्या नावाची पावती

विमलताईंच्या घरी उल्हासरावांच्या नावाने टपाल यायचं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. या बाबतीत जपानी माणूस फार नेटका. पेन्शनच्या कचेरीला कळवलं, ती थांबली. टेलिफोन कंपनीला कळवलं, तिने लांबलचक दुःख व्यक्त केलं आणि तीही थांबली. मासे पकडायच्या गळांचा कॅटलॉग पाठवणारं एक दुकान होतं, त्याला तर विमलताईंनी काही कळवलंच नव्हतं. तरी तेही एक दिवस गप्प झालं. कुणी सांगितलं त्यांना, देव जाणे. म्हणून त्या सकाळी टपालपेटीत पालिकेचं पोस्टकार्ड दिसलं, आणि त्यावर जपानी अक्षरांत ठसठशीत 'उल्हास करंबेळकर' असं छापलेलं दिसलं, तेव्हा विमलताई तिथेच पायरीवर बसल्या.

त्यांनी ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. करंबेळकर या आडनावाचं जपानी लिपीत 'कारांबेरुकारु' होतं, आणि त्यावरून उल्हासरावांची ऑफिसात जन्मभर थट्टा झाली होती. नावापुढे 'सामा' होतं, म्हणजे नेहमीच्या 'सान'च्याही वरचा मान. खाली मजकूर होता: अभिनंदन. सोडतीत आपला नंबर लागला आहे. कृपया बँकेत यावे.

"या म्हणतात!" विमलताई त्या पोस्टकार्डाला म्हणाल्या. "आता कुठून येणार?"

मेलेल्या माणसाचा सोडतीत नंबर कसा लागला, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

करंबेळकर मंडळी कोबेची. मूळची रत्नागिरीची, पण उल्हासराव तरुणपणी इथल्या एका मोत्यांच्या पेढीत लागले आणि इथलेच होऊन गेले. मोत्यांची प्रतवारी हे त्यांचं काम. उत्तरेच्या खिडकीशी बसायचं, कापडावर मोती पसरायचे आणि पांढऱ्यातले पांढरे वेगळे काढायचे. "बायको करताना एवढं निरखलं नव्हतं," असं ते पाहुण्यांसमोर म्हणत, आणि पाहुणे गेल्यावर विमलताई त्याबद्दल त्यांना बिनसाखरेचा चहा देत.

घराच्या वर, चढाच्या टोकाला, पालिकेचं दोन वर्षांचं कॉलेज होतं. फार शिकून मोठं व्हायला तिथे कुणी जात नसे. दिवसा नोकरी करणारी माणसं संध्याकाळी येऊन हिशेब शिकत, म्हाताऱ्यांची शुश्रूषा शिकत, आणि विमलताईंसारख्या परदेशी बायका जपानी गिरवत. त्या कॉलेजचा खेळाचा मोठा हॉल होता. त्याचं छप्पर तेव्हापासूनच गळायचं.

मोठा भूकंप झाला त्या जानेवारीत उल्हासराव मोत्यांच्या खरेदीला इसेकडे गेले होते. घरात विमलताई आणि पाच वर्षांची चारुता. उजाडायच्या आत जमीन अशी हलली की उभं राहता येईना. थांबली तेव्हा जिना जागेवर नव्हता आणि घर शेजारच्या निशिदांच्या कुंपणावर कललं होतं. लेकीला कडेवर घेऊन बाहेर पडल्या, तर सगळी गल्ली पांघरुणं गुंडाळून वर कॉलेजकडे निघालेली. विमलताई चार पावलं गेल्या आणि परत फिरल्या. चारुताच्या मुठीत निळा खडू होता, झोपेतही सोडत नसे ती. तो काढून घेऊन त्यांनी मोडक्या फाटकावर लिहिलं: आम्ही वर कॉलेजच्या हॉलमध्ये आहोत. या.

खाली नाव नाही, गाव नाही. अक्षर त्यांचं, तेवढं पुरे. खडू काढून घेतला म्हणून चारुताने भोकाड पसरलं, तेव्हा तिला तो परत दिला, आणि तिने आईच्या ओळीखाली एक मांजर काढलं. शेजारचे निशिदा-सान फाटकापाशी थांबले होते. म्हणाले, "ओकुसान," म्हणजे बाईसाहेब, "इथे हे कोण वाचणार?" विमलताईंना तेव्हा जपानी फारसं येत नव्हतं. होतं तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ज्यांना वाचायचं, ते वाचतील."

ते तिसऱ्या दिवशी आले. गाड्या थांबल्या होत्या तिथून चालत. पांढरेफटक पडले होते आणि हातात कुठूनशी मिळवलेली संत्र्यांची पिशवी होती. हॉलमध्ये दोनतीनशे माणसं जमिनीवर ओळीने झोपलेली. त्यांतून वाट काढत ते आले आणि शेजारी बसले. पिशवी खाली ठेवत म्हणाले, "गल्ली ओळखूच येत नव्हती. मग मांजर दिसलं." विमलताई त्यांच्यावर रागावल्या होत्या, का ते त्यांनाही कळत नव्हतं. तीन दिवस न रडलेलं सगळं त्या तेव्हा रडल्या, आणि उल्हासराव एकीकडे संत्रं सोलत राहिले.

दोन महिने ते तिघं त्या हॉलमध्ये राहिले. पुढे नवं घर उभं राहिलं, त्याच जागेवर. पावसाळी दिवशी चढावर नजर गेली की उल्हासराव म्हणायचे, "आपलं तिथलं भाडं राहिलंय हो." दरवेळी तेच. विमलताई दरवेळी म्हणायच्या, "मग देऊन या." ते राहूनच गेलं.

उल्हासराव गेले आणि मुलीने त्यांच्या अस्थी नाशिकला नेल्या. रीतीप्रमाणे सगळं यथासांग झालं. पण त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये, इथल्या पितरांच्या दिवसांत, निशिदाबाई विमलताईंना सोबत म्हणून आपल्या नवऱ्याच्या थडग्यावर घेऊन गेल्या. बाईंनी लाकडी बादलीतून पाणी आणलं, दगड चोळून चोळून धुतला, उदबत्ती लावली, आणि मग तिथेच उकिडव्या बसून नवऱ्याला सांगायला लागल्या की वॉशिंग मशीन बिघडलंय, धाकट्याला बढती मिळाली, कोपऱ्यावरचं टोफूचं दुकान बंद झालं. विमलताई मागे बादली धरून उभ्या होत्या. त्यांना त्या दगडाचा हेवा वाटला. इतका की घरी येऊन त्यांना जेवण गेलं नाही. या शहरात त्यांचा नवरा चाळीस वर्षं राबला, आणि त्याच्याशी दोन शब्द बोलायला कुठे जावं तर जागा नाही. दारावरच्या पाटीखेरीज कुठेही त्याचं नाव नाही. आणि चारुता तर वर्षभर मागे लागली होती की हे घर विकून टोकियोला चल. म्हणजे तीही पाटी उतरणार.

अशात पालिकेचं मासिक पत्रक आलं. त्यात कॉलेजच्या हॉलचा फोटो होता. विमलताईंना त्यातलं 'छप्पर' आणि 'दुरुस्ती' एवढं वाचता आलं. बाकीचं कचऱ्याच्या दिवशी, प्लास्टिक वेगळं ठेवता ठेवता, निशिदाबाईंनी समजावलं. "छप्पर नवीन, हॉलची जमीन नवीन, वर्गांना भूकंपाचे आधार, म्हाताऱ्यांसाठी उतरण. पालिका म्हणते, शहरात राहणाऱ्यांनी सहकार्य करावं. पोस्टकार्ड भरून द्यायचं. फार लोकांनी भरलं तर सोडत."

सहकार्य! विमलताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रत्नागिरीच्या शाळेची कौलं अशीच तर बदलली होती. गावाने वर्गणी काढली, आणि ज्याने त्याने आपापल्या गेलेल्या माणसाच्या नावाने पावती फाडली. शाळेच्या प्रत्येक बाकावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवर होतं. पाणपोईवर होतं. आजोबा जाऊन पन्नास वर्षं झाली तरी सातवीची पोरं त्यांच्या नावावर दप्तर टेकून बसत होती. निशिदाबाई आणखी काहीतरी पाच वर्षांचं आणि टक्क्यांचं सांगत होत्या, पण ते विमलताईंच्या कानाबाहेरच राहिलं.

घरी येऊन त्यांनी अर्जाचं पोस्टकार्ड पुढ्यात घेतलं. वर्गणीची पावती फाडताना खिडकीतला माणूस विचारतो, "कुणाच्या नावाने?" आणि आपण गेलेल्याचं नाव सांगतो. त्यात विचार करण्यासारखं काय आहे? उभ्या संसारात त्यांनी ते नाव तोंडाने घेतलं होतं ते उखाण्यात, नाहीतर इथल्या इस्पितळाच्या खिडकीवर. पण लिहायला हरकत नव्हती. त्यांनी सावकाश, अक्षर न अक्षर घोटून, अर्जदाराच्या चौकटीत नवऱ्याचं नाव लिहिलं. मग कपाटातून त्यांचा नावाचा शिक्का, इथे सहीच्या जागी चालतो तो, काढला आणि शेजारी दाबला. फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्यांच्यासाठी काही करता आलं नव्हतं.

तर असा तो नंबर लागला.

बँकेत जायच्या दिवशी विमलताईंनी नारायणपेठ नेसली. पिशवीत पोस्टकार्ड, आपलं ओळखपत्र आणि उल्हासरावांचा शिक्का. त्यांचं ओळखपत्र सरकारला परत करावं लागलं होतं. शिक्का तेवढा कुणी मागितला नव्हता.

खिडकीवर कुरोकी-सान नावाचा चाळिशीतला माणूस होता. त्याने पोस्टकार्ड दोन्ही हातांनी घेतलं.

"कारांबेरुकारु उल्हास-सामा स्वतः आले आहेत का?"

"मी आलेय. मी त्यांची पत्नी." विमलताईंनी शिक्का पुढे सरकवला.

"हो, हो. पण ते स्वतः?"

हे वाक्य विमलताईंना जपानीत पाठ होतं. दोन वर्षांत कितीतरी खिडक्यांवर म्हणून झालं होतं. "ते वारले."

कुरोकी-सान उठून उभा राहिला, खोल वाकला आणि पुन्हा बसला. मग हलक्या आवाजात त्याने केव्हा ते विचारलं. विमलताईंनी सांगितलं. त्याने फायलीतून अर्ज काढून त्यावरची तारीख पाहिली, पोस्टकार्डावरची पाहिली, आणि त्याचे कान लाल होत गेले.

"म्हणजे अर्ज केला तेव्हा ते..."

"नव्हते."

"मग अर्ज?"

"मी केला. त्यांच्या नावाने. आमच्यात असंच करतात."

बिचाऱ्याने पेन खाली ठेवलं. विमलताईंनी त्याला सगळं समजावलं: शाळा, कौलं, बाकं. पंख्यांचंही सांगितलं. तो मन लावून ऐकत होता.

"पंख्याच्या पात्यावर?" तो म्हणाला. "पण पंखा फिरत असताना नाव वाचणार कसं?"

"आमच्याकडे लाइट जातात ना," विमलताई म्हणाल्या. "तेव्हा वाचतात."

कुरोकी-सानने मान डोलावली, खरंच कळल्यासारखी. मग त्याने एक चकचकीत माहितीपत्रक काढलं आणि त्यांच्यासाठी, पोराला समजवावं तसं, एकेक वाक्य सुटं करून सांगितलं. ही देणगी नाही. हे कर्जरोखे आहेत. कॉलेजच्या दुरुस्तीसाठी पालिका नागरिकांकडून कर्ज घेते. दरवर्षी थोडं व्याज देते आणि पाच वर्षांनी मुद्दल परत करते.

"परत?" विमलताई म्हणाल्या.

"हो. पूर्ण."

"मी मागायला येणार नाही."

"मागावं लागत नाही. आपोआप खात्यात जमा होतात."

"आणि नको म्हटलं तर?"

कुरोकी-सानने पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. "नको म्हणायची सोय नाही," तो खेदाने म्हणाला.

विमलताईंना अपमान झाल्यासारखं वाटलं. गेलेल्या माणसाच्या नावाने दिलेलं परत घ्यायचं, तेही व्याजासकट! रत्नागिरीला कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. "बरं, देणगी म्हणूनच घ्या," त्या म्हणाल्या. ती वेगळ्या खिडकीवर देता येईल, तो म्हणाला, पण नावाची पाटी तिथेही लावत नाहीत. कुणाचीच नाही. इमारत सगळ्यांची म्हणून.

"एवढीशीसुद्धा नाही?" विमलताईंनी बोटभर जागा दाखवली.

"माफ करा."

मग अर्ज रद्द करणं भाग होतं. त्याने ड्रॉवरमधून पट्टी काढली, नावावर नीट ठेवली, आणि अर्जदाराच्या चौकटीतल्या, विमलताईंनी घोटून लिहिलेल्या अक्षरांवरून सरळ दोन रेघा ओढल्या. इथे खाडाखोड अशीच करतात, गिरगटून नाही. रेघांशेजारी अर्जावरचाच शिक्का लागतो, तो विमलताईंना आपल्या हाताने मारावा लागणार होता. त्यांनी मारला. त्यांना वाटलं, आज खरे गेले. इस्पितळात नाही, नाशिकला नाही, आज इथे, या पट्टीखाली. डोळ्यांतलं पाणी काउंटरवर पडलं आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

कुरोकी-सानने पट्टी परत ड्रॉवरमध्ये ठेवली. मग त्याने नंबर लागल्याचं पोस्टकार्ड उचललं. ते खरं तर फायलीत जायला हवं होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि ते दोन्ही हातांनी विमलताईंना परत दिलं. त्यावर रेघा नव्हत्या. एवढं करूनही त्याचं समाधान झालं नसावं, कारण तो पुन्हा पत्रक चाळायला लागला, आणि शेवटच्या पानावर थांबला.

"इथे एक आहे," तो म्हणाला. "काम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम आहे. कुणीही यावं. जमिनीवर, भिंतींवर हवं ते लिहावं."

"नाव लिहिलेलं चालेल?"

"चालेल." मग तो खरं तेच सांगणारा माणूस असल्यामुळे पुढे म्हणाला, "पण पुढच्या आठवड्यात त्यावर नवी जमीन बसेल. झाकलं जाईल."

विमलताईंनी पत्रक पिशवीत टाकलं.

चारुताने फोनवर हे ऐकलं आणि आधी ती टोकियोत बसून किंचाळली. "उसो! काय सांगतेस! आई, ते डोनेशन नाहीये, बाँड आहे, बाँड! आणि बाबांच्या नावाने? मी बँकेच्या आयटीत आहे, माझं काय होईल माहितीये? मला विचारायचं तरी."

"तुला विचारलं की तू मीटिंगमध्ये असतेस."

"मग मेसेज करायचा." मग आवाज जरा खाली आला. "ते पोस्टकार्ड आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"फोटो पाठव ना मला."

विमलताईंनी पाठवला. चारुताने तो मोठा करून पाहिला. मग नाक ओढून म्हणाली, "बाबांना सामा म्हटलंय."

"हो ना. ऑफिसात नुसतं सानच म्हणायचे मेले."

दोघी हसल्या, आणि हसता हसता चारुताचा आवाज फुटला. ती म्हणाली की तिला बाबांची इतकी आठवण येते की स्टेशनवर कुणी संत्री घेऊन चाललेलं दिसलं तरी ती मागे वळून बघते. विमलताईंना हे माहीत नव्हतं. पोर काही बोलत नाही म्हणजे तिचं बरं चाललंय, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

"त्या कुरोकी-सानने सांगितलंय, दुसऱ्या फेरीत माझ्या नावाने घेता येतील," त्या म्हणाल्या. "घेते. पाटी नाही तर नाही, छप्पर तर व्हायला हवं. पण पाच वर्षांनी परत मिळतात म्हणे. म्हणजे तोवर जगणं आलं."

"तेच तर हवंय मला. पण तू इकडे येऊन जग ना. एकटी किती दिवस राहणार तिथे? कशासाठी?"

विमलताई नेहमी गुडघ्यांचं, शेजाराचं, भाजीवाल्याचं कारण सांगत. आज त्यांच्याने ते होईना. "मलाही नीट सांगता येत नाही गं," त्या म्हणाल्या. "तू रविवारी ये."

रविवारी पाऊस होता. हॉलमध्ये चार ठिकाणी बादल्या ठेवल्या होत्या आणि त्यांत टपटप चालू होती. दारात बूट काढून मायलेकी आत गेल्या. माणसं ओणवी होऊन लिहीत होती; पिकल्या केसांचे विद्यार्थी आपापल्या तुकडीची नावं लिहीत होते, कुणी भिंतीवर शिक्षकांचं चित्र काढत होतं. निशिदाबाईंनी बास्केटबॉलच्या खांबाशी 'आभार' एवढंच लिहिलं होतं आणि आता त्या सगळ्यांना चहा देत होत्या. दाराशी दंडाला स्वयंसेवकाची पट्टी बांधलेली एक विद्यार्थिनी खडूंची टोपली घेऊन उभी होती. विमलताईंनी निळा उचलला.

आपली जागा शोधायला त्यांना वेळ लागला नाही. तिसऱ्या खिडकीखाली, व्यायामाच्या लाकडी शिडीला लागून. इथे चारुता झोपायची, भिंतीकडे त्या, आणि वाटेच्या बाजूला उल्हासराव, कारण येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागायचे. विमलताई शिडीला धरून मोठ्या मुश्किलीने गुडघ्यांवर बसल्या. काय लिहायचं ते आठवडाभर ठरलेलं होतं, कागदावर गिरवूनही झालं होतं: कै. उल्हास विनायक करंबेळकर यांच्या स्मरणार्थ. झाकलं गेलं तर गेलं. खाली असेल. कधीतरी चढ चढून यावं, कोपऱ्यात उभं राहावं, वॉशिंग मशीनचं सांगावं.

त्यांनी खडू टेकवला. पण 'कै.' काही उमटेना.

दोन वर्षं त्या जपानीत सांगत आल्या होत्या की ते वारले. ती परक्याची भाषा, तिच्यात काहीही म्हणता येतं. पण आपल्या अक्षरात, आपल्या हाताने, हे त्यांनी एकदाही लिहिलं नव्हतं. परवा त्या नावावर रेघा ओढल्या गेल्या तेव्हा शिक्का मारावा लागला होता. आज हात धरून लिहायला लावणारं कुणी नव्हतं. आणि ही जागा तर त्यांच्या गेल्याची नव्हतीच. इथे ते आले होते. तिसऱ्या दिवशी, चालत, धुळीने माखून, पिशवी सांभाळत आले होते, ते कुणी बोलावलं म्हणून?

विमलताईंनी खडू थोडा खाली घेतला आणि झरझर लिहिलं, न थांबता:

मी घरीच आहे. या.

खाली नाव नाही, गाव नाही.

चारुता मागे उभी होती. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. तिने एकेक अक्षर ओठांत लावलं, आणि शेवटच्या अक्षराशी येऊन थांबली. आईला आपण वर्षभर काय विचारत होतो आणि ती का सांगू शकत नव्हती, हे तिला बहुधा तिथे कळलं असावं, कारण टोकियोचं नाव तिने त्या दिवशी काढलं नाही, आणि नंतरही नाही. ती आईशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली.

"दे," ती म्हणाली.

विमलताईंनी खडू दिला. पस्तिशीची ती मुलगी, एवढ्या मोठ्या बँकेत हाताखाली माणसं असलेली, जीभ बाहेर काढून ओळीखाली मांजर काढत बसली. कान छान जमले. शेपूट मात्र पूर्वीसारखीच फार लांब झाली.

दंडाला पट्टी बांधलेली विद्यार्थिनी वाकून बघत होती. "सुंदर आहे," ती अदबीने म्हणाली. "पण गुरुवारी यावर नवी जमीन येईल. मग कुणालाच वाचता येणार नाही. फोटो काढून देऊ का?"

"नको," विमलताई म्हणाल्या. "ज्यांना वाचायचं, ते वाचतील."

चारुताने त्यांना हात देऊन उठवलं. निशिदाबाई चहासाठी हाक मारत होत्या, पण दोघी थांबल्या नाहीत. घरी आहे असं लिहून ठेवलं होतं. तेव्हा छत्री उघडून, चढ उतरून, त्या सरळ घरी गेल्या.